मोगलाईतली देवी

आमची आजी माहूरला माहूर म्हणत नसे. "मोगलाईत जाऊन येतो," म्हणायची. आमचं गाव पुसदच्या बाजूचं, म्हणजे वऱ्हाडात. पैनगंगा ओलांडली की निजामाचं राज्य. तसं पाहिलं तर कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचंच, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे, आणि १९०२ ला तर कायमच्या पट्ट्यानं गेलं. साध्या माणसाला त्यातलं एवढंच कळे की नदीपलीकडे कलदार चालत नाही. सहा कलदारांचे साधारण सात हाली रुपये मिळत. वर करोडगिरीचा नाका. देवीच्या ओटीचा खणसुद्धा तिथं उलगडून दाखवावा लागे, असं आजी सांगे.

आजीचं माहेर त्या मोगलाईतलंच, माहूरपासून दोन कोसांवर. देश स्वतंत्र झाला तरी निजाम सामील होईना. रझाकारांची दहशत वाढली तशी सीमेवरची माणसं बंड्या जुंपून रातोरात वऱ्हाडात येऊ लागली. १९४८ च्या उन्हाळ्यात आजीचा धाकटा भाऊ लेकरंबाळं घेऊन आमच्या घरी आला. आई मात्र आली नाही. श्रावणात ती तिकडंच गेली. पैनगंगेला पूर होता. निरोप यायलाच आठ दिवस लागले. अग्नी गावकऱ्यांनी दिला. सप्टेंबरच्या १३ तारखेला फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला आणि भाऊ आपल्या घरी परत गेला. त्यानंतर आजीनं माहेरी पाऊल टाकलं नाही. लग्नकार्यात भेट झाली तर बोले, पण भावाच्या घरचं पाणी घेतलं नाही.

१९७९ च्या माघात, वेचणी आटोपल्यावर, आजीनं माहूरचं काढलं. मी आदल्याच वर्षी दहावी झालेलो. एसटी होती, पण आजीला बंडीच पाहिजे. पात्रात पाणी गुडघ्याएवढं. पैलतीरी लागल्यावर तिनं विचारलं, "नाका कुठी गेला रे?" बाबा म्हणाले, माय, आता निजाम नाही. किनवटचा तो मुलूख आधी आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ ला नांदेडात आला, मग महाराष्ट्र झाला. हे बाबांनी तिला बैल हाकता हाकता सांगितलं. तिनं कितपत ऐकलं कोण जाणे.

मामा पायथ्याशी उभे होते. बाबांचे मामा, पण आम्हीही मामाच म्हणत असू. निरोप बाबांनी गुपचूप धाडला होता. आजी काही बोलली नाही. गड चढताना दर पाच-सहा पायऱ्यांवर टेकायची, मामाही तेवढ्या अंतरावर टेकायचे. रेणुकेचा नुसता मुखवटा आहे, शेंदरानं माखलेला, माणसाएवढा उंच. प्रसादाला कुटलेला तांबूल. दात नसलेल्या म्हाताऱ्यांची देवीनंच सोय केली आहे.

तिथून मातृतीर्थाच्या तळ्यावर आलो. परशुरामानं आपल्या आईचं क्रियाकर्म इथं केलं म्हणतात, म्हणून ज्याची आई गेली तो इथं येतो. मामांनी तीळ, पीठ, दर्भ सगळं पिशवीत आणलं होतं. पाण्यात उतरण्याआधी ते आजीपुढं थांबले.

"बाई, मी तिले दोनदा म्हटलं, चाल म्हणून. देवाजवळचा दिवा कोन लावन, म्हने. उठलीच नाही."

"उचलून घ्याची होती."

"लेकरं होती माह्या खांद्यावर."

आजी खूप वेळ तळ्याकडं पाहत राहिली. मी मामांची लेकरं मनात मोजली. तिघं होती तेव्हा, धाकटी सहा महिन्यांची. तिची पुढं आमच्याच गावात सोयरीक झाली, तिच्या हातचं मी कितीदा जेवलो आहे. मामांनी पिंड सोडला. ओल्या धोतरानं वर आले तेव्हा आजीनं आपल्या लुगड्याचा कोरडा पदर त्यांच्या डोक्यावरून फिरवला आणि म्हणाली, "थंडी भरन."

आम्हाला त्याच दिवशी परतायचं होतं. नदीकडं वळायच्या फाट्यावर आजीनं बाबांना बंडी माहेरच्या वाटेला घ्यायला लावली. त्या घरी आम्ही तीन रात्री राहिलो. दिवा रोज तीच लावायची.