शिवपूरच्या पुढे, तारणा

पंचक्रोशी पायी करायची हौस तुमची, त्यामुळे पायाला आलेले फोडही तुमचेच. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर झालं. चौथा मुक्काम शिवपूर. धर्मशाळेत अंग टाकायचं सोडून तुम्ही बाबतपूर विमानतळाच्या बाजूला थोडं भटकत जाता. तारणा नावाची वस्ती लागते आणि एका आवारातून आवाज येतो. टक्, टक्, टक्. लाकडावर लाकूड.

फाटकावर ‘नव साधना’. आत क्रूस आहे, म्हणून चपला काढायच्या की नाही या विचारात पडता. काढा. आत सगळ्या मुली अनवाणीच आहेत.

वाराणसीच्या कॅथलिक धर्मप्रांताचं हे छोटं कला महाविद्यालय, नव साधना कला केंद्र. शिकवतात काय, तर भरतनाट्यम आणि हिंदुस्तानी गायन. कबीरचौऱ्यात बनारस घराण्याचं कथक पिढ्यान्‌पिढ्या नांदत असताना भरतनाट्यमच का, हा माझाही पहिला प्रश्न होता. पण भरतनाट्यम इथे अगदी नवखं नाही. नर्तक-गुरू सी. व्ही. चंद्रशेखर बडोद्याला जाण्याआधी बनारस हिंदू विश्वविद्यालयात तेच शिकवत होते. पुढे बडोद्यात त्यांच्या हाताखाली फ्रान्सिस बार्बोझा नावाचे एक फादर तयार झाले. अभिनयदर्पण या जुन्या नृत्यग्रंथात शिवाचा हस्त, म्हणजे हाताची मुद्रा, आहे, विष्णूचा आहे, लक्ष्मीचा आहे. येशूचा कुठून असणार? बार्बोझांनी तो बसवला.

तुमच्यासमोरची मुलगी अरमंडीत बसली आहे. गुडघे बाहेर, टाचा जुळलेल्या, पाठ ताठ. ताठ असायला हवी, खरं तर. दर चौथ्या आवर्तनाला मुलगी कंबरेतून वर उचलली जाते. गुरूंचा दांडा लाकडी ठोकळ्यावर पडतो. तै या तै. तिचा तळवा फरशीवर चपटा आपटतो, आणि तुमच्या पायाखालचं साल बदलतं.

1970. इथे शेत आहे. वाराणसी धर्मप्रांत नुकताच स्थापन झाला आहे आणि पॅट्रिक डिसोझा त्याचे पहिले बिशप झाले आहेत. 2007 पर्यंत तेच राहतील. तुम्ही पाहिलेला वर्ग त्यांच्याच कारकिर्दीत सुरू होईल. डिसेंबर 1963 मध्ये रोममध्ये भरलेल्या कॅथलिक महासभेने उपासनेत त्या त्या देशाच्या भाषेला आणि संगीताला वाट करून दिली आहे. 1969 मध्ये भारतातल्या उपासनेसाठी बारा मुद्दे मंजूर झालेत: मांडी घालून बसा, हात जोडा, आरती ओवाळा. कालपरवापर्यंत लॅटिन ऐकणारे जुने लोक कुरकुरत असतील, आणि त्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. आपली प्रार्थना एका रात्रीत वेगळी झाली तर कोण कुरकुरणार नाही?

टक्.

आता तुम्ही काशीच्या घाटावर आहात. 1820 उलटलं आहे. पायऱ्यांवर तंबोऱ्यासारखी घुमणारी गर्दी, आणि मधेच मराठी. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे शेकडो कोसांवरून लवाजम्यासह त्रिस्थळी यात्रेला आले आहेत. गंगेत उतरणाऱ्या या भोसल्याला लहानपणी शिकवलं श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्रीने. पंथाने तो लूथरन. कॅथलिकांशी त्याचा संबंध नाही, पण पाद्री तो पाद्रीच. 1798 मध्ये श्वार्ट्झ वारला. त्याच्या बिछान्याशी उभे असलेले सरफोजी, त्यांनीच करवून घेतलेल्या संगमरवरी शिल्पात, तंजावरला आजही दिसतात. पाद्रीकडे शिकून राजा बाटला नाही. शिकला मात्र भरपूर. ग्रंथ जमवले, शाळा काढल्या, आणि नाचासाठी स्वतः मराठीत रचना केल्या: ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’.

आणि मागे तंजावरात, त्याच दरबारी, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत नाचाची जी मांडणी पुढे लावतील, तीच तारण्यातल्या फरशीवर आपटते आहे. त्यांचे गुरू मुत्तुस्वामी दीक्षितर तरुणपणी याच काशीत राहून गेले. म्हणजे क्रूसाखालचा तो नाच पाहून तुम्हाला जो परकेपणा वाटला, त्याचा एक धागा मराठी राजवाड्यातून निघतो.

दरबारात नाचत होत्या त्या देवदासी. त्यांची कला पुढे सभ्य घरांनी उचलली, नवं नाव दिलं. त्यांच्या प्रथेवर 1947 मध्ये मद्रासच्या कायद्याने बंदी आली, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींच्या हाती काहीच उरलं नाही. हे सांगताना घाई करू नये असं वाटतं, पण दांडा पडतोच.

टक्.

तारणा. घाम, तेलाचा वास. त्या मुलीच्या डाव्या पायातल्या घुंगरांची दोरी सुटली आहे आणि चार घुंगरं फरशीवर घरंगळली आहेत. ती खाली बसून एकेक गोळा करते. शेजारची तिला हळूच विचारते, जौनपूरकडच्या त्या शाळेत नाचाची टीचर हवी होती, अर्ज केलास का? गावात नाचणारीला काय म्हणतात ते दोघींनाही ठाऊक आहे. ‘टीचर’ म्हटलं की तोच तोंडाळ माणूस नमस्ते करतो. पगार किती, हे विचारायचं राहून जातं. दोरीची गाठ दाताने ओढून ती उभी राहते.

“फिर से,” गुरू म्हणतात. “पीठ सीधी.”