एका तक्रारीला बाईचे उत्तर

अमेरिकेच्या दक्षिण भागात दारू, नाच आणि ज्यूकबॉक्स असलेल्या स्वस्त जागांना हॉन्की-टॉन्क म्हणत. आपली तावेर्नच म्हणा ना, फक्त नाचगाण्याची जोड असलेली. प्रेमभंग झाला की पुरुष तिथे प्यायला बसायचा आणि त्याच्या दुःखाची गाणी व्हायची.

१९५२ साली हँक थॉम्पसनचे 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' गाजले. ती आपल्याला सोडून गुत्त्याच्या झगमगाटात गेली, ही त्यातली तक्रार. कंट्री संगीताच्या यादीत ते १५ आठवडे पहिले होते.

त्याच वर्षी जे. डी. मिलरने त्याला उत्तर लिहिले आणि किटी वेल्सने ते त्याच चालीवर गायले. ती तेव्हा ३२ वर्षांची होती, गाणे सोडण्याच्या विचारात. रेकॉर्डिंगला गेली ती १२५ डॉलरच्या बिदागीसाठी. मुद्दा साधाच होता: बाई वाट चुकते म्हणता, मग तिला फसवणाऱ्या लग्न झालेल्या पुरुषांचे काय? एनबीसी रेडिओने गाण्यावर बंदी घातली. तरीही ते ६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. एकट्या गायिकेला त्या यादीत हा मान प्रथमच मिळाला.

शब्द पुरुषाचेच होते, हे खरे. पण लोकांनी ऐकला तो तिचा आवाज.