स्वल्पविराम आणि शुद्धिपत्र

मित्रांनो, आपल्याकडे मुद्रितशोधक नाही. लिहिणारे आपण, स्टेन्सिल कापणारे आपण, रोळ फिरवणारे आपण, आणि स्टॅंडवर उभं राहून विकणारेही आपणच. मग चूक झाली तर ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची? हे मला रेवदंड्यात एका अडाणी म्हातारीनं शिकवलं.

साल १९७७. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ ला आलं. महाडला पन्नास वर्षं झाली म्हणून मी स्वतःच्या पैशानं आठ पानांची पुस्तिका काढायला घेतली. स्टेन्सिलवर चुकलं की गुलाबी औषध लावायचं, वाळू द्यायचं, वर पुन्हा लिहायचं. घाई केली की मेणकागद फाटतो आणि तिथं शाईचा डाग पडतो. मी तीनदा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ सगळं तपासलं. रात्री वस्तीत कंदिलाखाली मोठ्यानं वाचून दाखवलं : २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि त्याच दिवशी मनुस्मृती जाळली.

आत्या म्हणाली, "पोरा, येकाच दिशी कसं? तळ्यावर गेले तवा ऊन व्हतं. पुस्तक जाळलं तवा बा थंडीत कुडकुडत व्हता. दोनदा गेलाय तो म्हाडला."

खरं तिचंच. मनुस्मृतीचं दहन २५ डिसेंबर १९२७ चं. माझं शुद्धलेखन बरोबर होतं, इतिहास चुकला होता. अख्खं पान फाडून नवं कापलं. ते तसंच गेलं असतं तर एका तारखेवरून विरोधकांनी सगळी पुस्तिका खोटी ठरवली असती. आमच्या गावात पोर्तुगीजांच्या किल्ल्याचे दगड आहेत, त्यांवर त्यांची अक्षरं आहेत. आत्याच्या बापाच्या नावाचा दगड कुठंय? आपल्याकडे आहे तो कागदच. तो चुकीचा असून कसं चालेल?

आता उलट बाजू बघा. १९३६ च्या परिषदेसाठी लाहोरच्या जातपाततोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण वाचल्यावर मंडळी बिचकली. वेदांवरचा मजकूर गाळा, म्हणू लागली. बाबासाहेबांनी कळवलं, एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद बारगळली. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, १५०० प्रती. दोन महिन्यांत संपल्या.

म्हणून काय त्यांनी त्या पुस्तकाला पुन्हा हातच लावला नाही? लावला. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींची टीका छापली आणि तिच्यापुढं आपलं उत्तर. विरोधकाचं म्हणणं दडवलं नाही. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर त्यांनी सांगून टाकलं, की १९१७ चा जातींच्या उगमावरचा आपला निबंध यात मिसळून पुस्तक नव्यानं लिहायचं होतं, पण वेळ मिळाला नाही. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीसुद्धा त्यांच्यापुढं बुद्ध-धम्माच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद होते. ग्रंथ १९५७ ला निघाला, ते गेल्यावर.

म्हणजे दुरुस्ती दोन तऱ्हेची. एक, खऱ्यासाठी आपली चूक खोडायची. दुसरी, कुणाला झोंबू नये म्हणून आपलं खरं खोडायचं. पहिलीला लाजू नका. दुसरीला स्वल्पविरामसुद्धा देऊ नका. गोंधळ होतो तो इथंच. आपली पोरं टीका झाली की मजकूर मवाळ करतात, आणि तारीख चुकली म्हटलं की भांडायला उठतात. नेमकं उलटं व्हायला पाहिजे.

तेव्हा छापण्याआधी मोठ्यानं वाचा, आणि ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापुढं वाचा. आकडे वेगळे तपासा. छापल्यावर चूक सापडली तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर शुद्धिपत्र द्या, कोपऱ्यात नको.

आत्या आता नाही. त्या पुस्तिकेवर तिचं नाव घालायचं राहिलं. ही माझी चूक. तिचं शुद्धिपत्र हेच समजा.

जयभीम.