‘रिकरोल’ : एका विनोदाचा प्रसार आणि पुनरुज्जीवन

विनोदाचे आयुष्य अल्प असते, असा सर्वसामान्य समज आहे; आणि ज्या विनोदाचे सारे मर्म फसवणुकीत आहे त्याचे आयुष्य तर त्याहूनही अल्प असावयास हवे. उलगडलेले कोडे जसे पुन्हा घालता येत नाही, तशी सर्वांना ठाऊक झालेली थट्टा पुन्हा करता येऊ नये. तथापि आंतरजालाच्या इतिहासात या तर्काला छेद देणारे एक ठळक उदाहरण आहे. ते ‘रिकरोल’ या नावाने ओळखले जाते. त्याची रीत अगदी साधी आहे. एखाद्याला काही महत्त्वाची माहिती किंवा चित्रफीत दाखविण्याच्या मिषाने एक दुवा द्यावयाचा; त्याने तो उघडला की अपेक्षित वस्तूऐवजी १९८७ सालचे एक इंग्रजी प्रेमगीत सुरू व्हावयाचे. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर हा विनोद २००७ पासून दीड दशकाहून अधिक काळ टिकला, मध्यंतरी शिळा झाला आणि पुन:पुन्हा नव्याने लोकप्रिय झाला. असे का घडले, आणि या घटनेची साधने इतिहासकाराने कशी वाचावी, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

अशा प्रसारशील विनोदास आज ‘मीम’ म्हणतात. हा शब्द आंतरजालाहून जुना आहे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथात तो प्रथम योजला. अनुकरण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी तो घडविला आणि ‘जीन’ या शब्दाशी त्याचा उच्चार जुळावा म्हणून त्याला आखूड रूप दिले. गाण्यांच्या चाली, कल्पना, प्रचलित वाक्प्रयोग, पोशाखाच्या तऱ्हा, मडकी घडविण्याच्या वा कमानी बांधण्याच्या पद्धती या गोष्टी एका मनातून दुसऱ्या मनात अनुकरणाने जातात आणि त्यांतील काही टिकतात, काही नष्ट होतात, असा त्यांचा मूळ विचार होता. विनोदाशी या संज्ञेचे नाते पुढे आंतरजालाच्या काळात घट्ट झाले.

रिकरोलमधील गीताचे पहिले आयुष्य पूर्णपणे निराळे होते. ‘नेव्हर गॉना गिव्ह यू अप’ हे गीत माइक स्टॉक, मॅट एटकेन आणि पीट वॉटरमन या त्रयीने रचले व ध्वनिमुद्रित केले. त्याचा गायक रिक ॲस्टली हा इंग्लंडमधील लँकेशायरचा तरुण, त्या वेळी २१ वर्षांचा होता. या त्रयीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने प्रारंभी चहा नेऊन देण्यासारखी किरकोळ कामेही केली होती. २७ जुलै १९८७ रोजी गीत प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये ते पाच आठवडे प्रथम स्थानी राहिले व त्या वर्षी तेथे सर्वाधिक खपलेली एकेरी ध्वनिमुद्रिका ठरले. मार्च १९८८ मध्ये अमेरिकेतही ते अग्रस्थानी पोहोचले. म्हणजे विनोदाचे साधन होण्यापूर्वी हे गीत उपेक्षित होते, असे मुळीच नाही. ते गाजले आणि गाजलेल्या बहुसंख्य गीतांप्रमाणे काळाबरोबर मागे पडले. स्वत: ॲस्टलीने १९९३ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी या व्यवसायातून निवृत्ती पत्करली.

या गीताचा विनोदात प्रवेश झाला तो एका निरर्थक वाटणाऱ्या वाटेने. अमेरिकेत २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘फोरचॅन’ या संकेतस्थळाच्या चालकाने २००६ च्या सुमारास एक यांत्रिक योजना केली : तेथे कोणीही ‘एग’, म्हणजे अंडे, हा शब्द लिहिला की त्याजागी ‘डक’, म्हणजे बदक, हा शब्द आपोआप उमटावयाचा. परिणामी ‘एगरोल’ या खाद्यपदार्थाचा ‘डकरोल’ झाला. कोणी तरी चाके लावलेल्या बदकाचे चित्र तयार केले आणि वाचकाला मोठ्या अपेक्षेने एखादा दुवा उघडावयास लावून हे बदक दाखविण्याची प्रथा तेथे रूढ झाली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, रिकरोलचा साचा त्यातील गीतापूर्वीच सिद्ध झाला होता. आश्वासन, विश्वास आणि भंग या तीन पायऱ्या कायम राहिल्या. बदकाच्या जागी गायक आला आणि ‘डकरोल’ चा ‘रिकरोल’ झाला.

हा बदल नेमका कोणी केला? प्रचलित वृत्तांतानुसार २००७ च्या वसंतात ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ या बहुप्रतीक्षित संगणकीय खेळाची जाहिरातफीत प्रसिद्ध झाली, निर्मात्यांचे संकेतस्थळ प्रेक्षकांच्या गर्दीने कोलमडले, आणि तीच फीत अन्यत्र पाहावयास मिळेल असे सांगून कोणी एकाने ॲस्टलीच्या गीताचा दुवा दिला. दुसरा एक दावा असा की, २००६ मध्येच मिशिगन राज्यातील एका श्रोत्याने नभोवाणीवरील क्रीडाविषयक कार्यक्रमाला दूरध्वनी केला आणि काही न बोलता हेच गीत ऐकविले. हे दोन्ही दावे एकाच वेळी खरे असू शकतात. कारण त्यांत गीत एक असले तरी कृती एक नाही. दूरध्वनीच्या प्रसंगात गोंधळ आहे, पण आश्वासन नाही. रिकरोलची व्याख्या गीतावरून न करता साच्यावरून केली, तर त्याचा संबंध बदकाच्या परंपरेशीच जोडावा लागतो. मूळ लेखनाचा पुरावा मात्र दुर्बल आहे. कारण फोरचॅनवर नवे लेखन आले की जुने नाहीसे व्हावे, अशीच तेथील व्यवस्था होती. अशा रीतीने अत्यंत आधुनिक साधनावर जन्मलेली ही कृती कर्त्याच्या दृष्टीने लोककथेइतकीच अनामिक राहिली.

प्रसाराची कारणे मात्र बरीच स्पष्ट आहेत. २००५ मध्ये यूट्यूब स्थापन झाल्यामुळे जुनी चित्रफीत एका दुव्यावर उघडणे प्रथमच सुलभ झाले होते. गीताच्या आरंभीचा ड्रमचा ठेका इतका ओळखीचा आहे की फसगत क्षणार्धात ध्यानात येते. कोवळ्या चेहऱ्याचा तरुण, त्याचा अनपेक्षित भारदस्त आवाज, लांब कोट आणि साधेसुधे नृत्य यांत कोठेही उपहास नाही. गीत आपल्या निष्ठेच्या प्रतिज्ञेबाबत पूर्ण गंभीर आहे. खोटे आश्वासन देऊन वचनपालनाचे गीत ऐकवावयाचे, हा विरोध विनोदाला पोषक ठरला. याहून महत्त्वाचे म्हणजे या थट्टेत कोणाचे नुकसान होत नाही. फसलेला मनुष्य चिडण्यापेक्षा दुसऱ्याला फसविण्यास अधिक उत्सुक होतो आणि त्यासाठी त्याला कोणतेही कौशल्य लागत नाही. प्रत्येक बळी हा भावी प्रसारक असतो.

२००८ हे वर्ष या विनोदाच्या पहिल्या बहराचे होय. फेब्रुवारीत सायंटॉलॉजी पंथाविरुद्ध ‘ॲनॉनिमस’ या गटाने केलेल्या निदर्शनांत हे गीत रस्त्यावर वाजविण्यात आले. १ एप्रिल रोजी यूट्यूबने आपल्या मुखपृष्ठावरील निवडक चित्रफितींचे दुवे या गीताकडे वळविले. त्याच महिन्यात ‘सर्व्हेयूएसए’ या संस्थेच्या पाहणीत किमान १ कोटी ८० लक्ष प्रौढ अमेरिकन या थट्टेचे बळी झाले असावेत, असा अंदाज वर्तविण्यात आला. ‘न्यूयॉर्क मेट्स’ या बेसबॉल संघाने समूहगीत निवडण्यासाठी मते मागविली, तेव्हा आंतरजालावरील हौशी मंडळींनी याच गीताच्या पारड्यात मतांचा ढीग टाकला. मैदानावर ते वाजविताच मात्र प्रत्यक्ष प्रेक्षकांनी नापसंतीचा गलका केला. हा प्रसंग उद्बोधक आहे. मत देणारे आणि मैदानावर बसलेले हे दोन निरनिराळे समाज होते, आणि एका समाजाचा विनोद दुसऱ्याला केवळ उपद्रव वाटला.

नोव्हेंबरात ॲस्टलीला एमटीव्हीच्या युरोपीय सोहळ्यात ‘आजवरचा सर्वोत्कृष्ट कलावंत’ हा पुरस्कार लोकांच्या मतांवर मिळाला. २७ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कमधील मेसीजच्या थँक्सगिव्हिंग मिरवणुकीत दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्र मालिकेतील पात्रांचे गाणे चालू असता तो स्वत: चित्ररथावर प्रकट झाला आणि दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांचा सामुदायिक रिकरोल झाला. दुव्यावाचून घडलेला हा रिकरोल होता. वरकरणी पाहता हा विनोदाचा विजय. परंतु व्यापारी संस्थांनी आणि दूरचित्रवाणीने जे आपलेसे केले, त्यात गुप्ततेचा आनंद उरत नाही. येथे हा इतिहास संपला असता तर कोणास आश्चर्य वाटले नसते.

तो संपला नाही, याची कारणे पुढील प्रसंगांत सापडतात. जुलै २०११ मध्ये राजकोषीय धोरणावरील चर्चा रुक्ष असल्याची तक्रार एका नागरिकाने ट्विटरवर केली, तेव्हा व्हाइट हाउसच्या अधिकृत खात्यावरून त्याला हाच दुवा पाठविण्यात आला. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘फू फायटर्स’ या वाद्यवृंदाने जपानमधील महोत्सवात ॲस्टलीला रंगमंचावर बोलावले. जून २०२० मध्ये एका वाचकाने जुनी भेट सांगण्याच्या मिषाने खुद्द ॲस्टलीलाच रेडिट या संकेतस्थळावर फसविले. एप्रिल २०२१ मध्ये शिकागोजवळील एका शालेय प्रभागात विद्यार्थ्यांनी सहा माध्यमिक शाळांतील पडद्यांवर हे गीत एकाच वेळी सुरू केले. यांतील अनेक विद्यार्थी २००७ मध्ये अगदी बालवयात होते.

या घटनाक्रमावरून पुनरुज्जीवनाचे तीन विशेष निष्पन्न होतात. पहिला विशेष वाहनाचा. सराईत लोक चित्रफितीच्या पत्त्यातील अकरा अक्षर-अंकांची खूण ओळखू लागले, तेव्हा ती खूण झाकण्यासाठी आखूड केलेले दुवे आले, आणि पुढे ज्यांत पत्ता डोळ्यांना वाचताच येत नाही अशा क्यूआर संकेतांनी या थट्टेला नवे आवरण दिले. विश्वास ठेवण्याचे नवे साधन समाजात रूढ झाले की त्या साधनावर हा विनोद पुन्हा शक्य होतो. दुसरा विशेष पिढीचा. नव्या पिढीने हे गीत गीत म्हणून कधी ऐकलेच नव्हते. तिला ते थट्टेच्या रूपानेच वारशात मिळाले. तिसरा विशेष रसाचा. प्रारंभी हसू अज्ञानाचे होते, नंतर ते ओळखीचे झाले. ‘मी फसलो’ याऐवजी ‘हे आपल्यातले आहे’ ही भावना प्रबळ झाली. म्हणूनच गुपित फुटल्यावरही विनोद मेला नाही. पुनरुज्जीवन म्हणजे जुन्या हशाची पुनरावृत्ती नव्हे. जुन्या साच्यात नव्या समाजाने घातलेली ती नवी भर होय.

आता साधनांच्या प्रश्नाकडे वळावयाचे. २८ जुलै २०२१ रोजी या गीताच्या अधिकृत चित्रफितीने १०० कोटी प्रेक्षणांचा टप्पा ओलांडला आणि हा आकडा रिकरोलच्या लोकप्रियतेचा निर्णायक पुरावा म्हणून मांडला जाऊ लागला. तथापि तो सावधपणे वाचला पाहिजे. ही अधिकृत चित्रफीत यूट्यूबवर आली ती २५ ऑक्टोबर २००९ रोजी. म्हणजे ज्या लाटेने हा विनोद घडविला, ती २००७-०८ ची लाट या मोजदादीत मुळी नाहीच. त्या काळी प्रामुख्याने वापरली गेलेली प्रत मे २००७ मध्ये एका सामान्य वापरकर्त्याने चढविली होती. ती २०१० मध्ये एक दिवस आणि २०१४ मध्ये पुन्हा एकदा बंद पडली व मागाहून उपलब्ध झाली. शिवाय आपण होऊन गीत ऐकणारा, फसून आलेला आणि फसलो हे कळताच दोन क्षणांत परतलेला, या तिघांत हा आकडा भेद करीत नाही. प्रेक्षणांची नोंद राहते, थट्टेची राहत नाही. दुवा कोणी, कोणाला, काय सांगून दिला, हाच या कृतीचा खरा मजकूर. आणि नेमका तोच खाजगी संभाषणांत विरून गेला. गीताची लोकप्रियता आणि विनोदाची लोकप्रियता या एकाच वस्तूच्या दोन बाजू मानणे म्हणजे साधनाच्या सोयीला इतिहास समजणे होय.

या प्रसिद्धीचे फळ कोणाला मिळाले, हेही आकड्यावरून कळत नाही. गीतकारांपैकी पीट वॉटरमन यांनी यूट्यूबवरील प्रचंड प्रेक्षणांतून आपल्या हाती अवघे ११ पौंड आल्याची तक्रार २००९ मध्ये जाहीरपणे केली. उलट ॲस्टलीने या थट्टेचा राग मानला नाही. तिच्यापासून फार दूर न राहता आणि तिच्यावर सर्वस्वी विसंबूनही न राहता त्याने नवे लेखन-गायन केले. त्याचा ‘५०’ हा गीतसंग्रह २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम स्थानी पोहोचला, आणि जून २०२३ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवाच्या मुख्य रंगमंचावर तो गायला. ज्याच्या नावाने लोक फसत होते, त्याला ऐकावयास लोक आपण होऊन जमले.

डॉकिन्स यांनी २०१३ मध्ये आपल्या संज्ञेच्या या नव्या अर्थाविषयी असे मत मांडले की, आंतरजालावरील मीम यदृच्छेने बदलत नाही, माणसे ते हेतुपूर्वक बदलतात. रिकरोलचा इतिहास या मताला पुष्टी देतो. हा विनोद आपोआप पसरणाऱ्या साथीसारखा नव्हता. दर वेळी कोणी तरी कोणाचा तरी विश्वास जाणूनबुजून, पण इजा न करता, वापरला. ज्या माध्यमात पुढे फसवणूक हा गंभीर सामाजिक प्रश्न झाला, त्याच माध्यमात फसवणुकीचा हा एक निरुपद्रवी प्रकार टिकून राहिला, याचे कारण त्याची मर्यादा होय. फसलेल्याच्या पदरी शेवटी एक गाणे पडत असे, अधिक काही नाही. त्या मर्यादेवरील परस्पर भरवसा जोवर शिल्लक होता, तोवरच प्रत्येक नव्या पिढीला हा जुना विनोद पुन्हा आपला म्हणता आला.