नारू, बारव आणि 'वाढ' असं सांगणारा रेणू

आजीच्या डाव्या घोट्याजवळ एक पांढरट वण होता. विचारलं की म्हणायची, "नारू निघाला व्हता, पोरा." आजोळ औशाजवळचं. आता जिल्हा लातूर, पण १९८२ पर्यंत उस्मानाबाद. गावाला पायऱ्यांची बारव, बाया पाण्यात उतरून घागर भरायच्या. कुणाच्या पायातून नारू निघत असला तरी तो पाय त्याच पाण्यात! मादी तिथे हजारो अळ्या सोडते, सायक्लॉप्स नावाचा बारीक पाणकिडा त्या खातो आणि तो आपल्या पोटात जातो. वर्षभरानं पायाला फोड येतो आणि त्यातून दीड-दोन हात लांब दोरा बाहेर यायला लागतो. काडीला गुंडाळत रोज थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून खाटेवर. आजीचा ऐन पेरणीत तुटला. त्या सालची पेरणी आजोबांनी एकट्यानं केली.

भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. कुठलंही औषध नाही, लस नाही. पाणी फडक्यानं गाळणं, बारवेत उतरणं बंद करणं, हापसे. बस्स.

मग अळीच्या पोटातल्या रसायनांची उठाठेव कशाला?

मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं, बारावीनंतर जीवशास्त्राशी संबंध नाही. पण नारूवर वाचता वाचता सी. एलिगन्सपर्यंत पोचलो. नारूच्याच गोत्रातली, मातीत राहणारी, जेमतेम मिलिमीटरभर अळी. सिडनी ब्रेनर यांनी १९६३ मध्ये ती प्रयोगासाठी निवडली. खायला नसलं, गर्दी झाली की ही अळी वाढ थांबवते आणि महिनोन्‌महिने तशीच तग धरते. या अवस्थेला म्हणतात 'डाउअर'. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम स्लीप मोडमध्ये :-)

जागं कोण करतं? १९९६ मध्ये कळलं की खायला मुबलक असलं की अळीची एक चेतापेशी 'डॅफ-७' हे वाढीचं प्रथिन सोडते. ते आपल्या शरीरातल्या टीजीएफ-बीटाचं भावंड. पुढच्याच वर्षी इन्सुलिनसारखा दुसरा मार्ग सापडला. दोन्ही निरोप शेवटी एका हॉर्मोनपाशी येऊन मिळतात. ते हॉर्मोन, डॅफाक्रोनिक आम्ल, २००६ मध्ये हाती लागलं. जी अळी ते स्वतः बनवू शकत नाही तिला बाहेरून दिलं, की ती वाढायला लागते.

खरी गंमत २००९ ची. स्ट्राँगिलॉइडिस हा माणसाच्या आतड्यात राहणारा जंत. त्याच्या पिल्लांना हाच रेणू दिला, तर माणसाला बाधणाऱ्या, थांबून राहणाऱ्या अळ्या कितीतरी कमी तयार झाल्या. म्हणजे शत्रूला मारायचं नाही, फक्त 'वाढ' म्हणायचं, तेही अवेळी!

औषध म्हणून ते अजून दुकानात आलेलं नाही. पण या जंताची अळी मातीतून थेट अनवाणी पायाच्या कातडीत शिरते. गाळायला मध्ये पाणीच नाही, त्यामुळे तिथे आजीच्या फडक्याचा काही उपयोग नाही.