दिलगिरीचे मोल

स्मरणिका छापून झाली की शेवटी शुद्धिपत्र जोडण्याची पाळी आम्हांवर येतेच. म्हणून इतरांच्या चुकांना आम्ही जपूनच हसतो. तरी 'न्यूयॉर्क टाइम्स'पुढे हसू आवरत नाही. निर्वात पोकळीत अग्निबाण चालणार नाही, शास्त्रज्ञ गॉडर्ड यांना शाळकरी पदार्थविज्ञानही अवगत नाही, असे त्याने १३ जानेवारी १९२० रोजी ठणकावले. १७ जुलै १९६९ रोजी, माणसे चंद्राच्या वाटेवर असताना, न्यूटनचा हवाला देऊन त्याने गंभीरपणे दिलगिरी छापली. गॉडर्ड १९४५ सालीच निवर्तले होते!

अशी उशिराची दिलगिरी स्वस्त पडते. आपल्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांना ती वेळेवर मागूनही महाग पडली. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळावरून त्यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कोरडे ओढले. पण आधाराची पत्रे बनावट निघाली. आगरकर-टिळकांनी माफी मागितली. बर्वे बधले नाहीत. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगातून ते १०१ दिवसांनी सुटले, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर चक्क पुस्तक लिहिले, तेही खेळकरपणे.