बहिणाबाईंची कैफियत

देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामधले बेगडेवाडी हे लोहमार्गावरील लहानसे स्थानक. परंतु एका अंगाला शेलारवाडीची लेणी आणि दुसऱ्या अंगाला तुकोबांचे देहू असल्यामुळे, बाईची नोंद कोणी व कशी ठेवावी या जुन्या प्रश्नाची दोन टोके त्याच्या परिसरात सापडतात. शेलारवाडीच्या शिलालेखात धेनुकाकटची एक दानी स्त्री आहे, पण ती एका शेतकऱ्याची भार्या म्हणून. देहूला सतराव्या शतकात आलेल्या बहिणाबाईंनी मात्र आपली कैफियत आपणच दिली.

१६२८ मध्ये वेरूळकडच्या देवगावी जन्म, तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराशी विवाह, आणि पुढे कोल्हापुरात एका कपिलेच्या वासराचा असा लळा, की ते त्यांच्यामागून कीर्तनालाही जाई. जयरामस्वामींच्या कीर्तनातून लोकांनी त्याला बाहेर काढले असता स्वामींनी ते परत आत आणवले. नवऱ्याने मात्र गावभर झालेला बोभाटा ऐकून बायकोला वेणी धरून बडवले. वासरू मेले, बहिणाबाई कित्येक दिवस निश्चेष्ट पडल्या.

या साऱ्याला आजच्या वैद्यकातले एखादे नाव चिकटवणे मला अप्रशस्त वाटते. ती नावे देणाऱ्यांच्या दफ्तरांतही मुली क्वचितच: १९४३ मध्ये लिओ कॅनरने स्वमग्नतेची जी ११ मुले वर्णिली त्यांत मुली ३, आणि पुढल्या वर्षी हान्स आस्परगरने वर्णिलेले चारही मुलगेच. आपल्याकडे चारचौघींसारखी न वागणारी बाई एक तर देवाची, नाहीतर बाधेची. तिसरी वाट, वेड्यांच्या इस्पितळाची, काढली ती १८५८ च्या ३६व्या कायद्याने. त्या वाटेवर मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि डॉक्टरचा दाखला चाले. खुद्द बाईचा जबाब फारसा कोणाला लागत नसे.

स्त्रीजन्माची खंत बहिणाबाईंनीही केली आहे, पतिसेवा हाच धर्म असा निर्वाळाही दिला आहे. त्यांना बंडखोर ठरवू पाहणाऱ्यांची तेथे निराशा होते. पण वासरावर जीव टाकणाऱ्या त्या कोवळ्या मुलीला त्या ना खुळी म्हणतात, ना तिच्या वतीने क्षमा मागतात. गाय, वासरू, मार, मूर्च्छा, स्वप्नातला तुकोबांचा उपदेश, सारे पंचांपुढे सांगावे तसे क्रमवार सांगतात, निवाडा मात्र मागत नाहीत. देहूस तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीने त्यांची गाय बांधून मारली, तेही त्यांनी नोंदवले. तेथेच कन्या काशीबाई झाली. पुढे शिऊरला राहून, १७०० मध्ये देह ठेवण्यापूर्वी, पुत्र विठोबाला त्यांनी आपल्या मागील बारा जन्मांचीही हकीकत सांगितली.